गावाचे व नगराचे वर्णन : इंग्रजी शब्दांचे अध्यापन

मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतून इंग्रजी हा विषय पूर्वी पाचव्या इयत्तेपासून शिकविला जात असे. इ. स. २००० पासून महाराष्ट्रात तो पहिल्या इयत्तेपासून शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे जे शब्द पूर्वी दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाच्या कानी पडत, ते आता सहाव्या-सातव्या वर्षीच पडू लागले. या शब्दांत घर, रस्ता, शेत, नदी, बाजार अशा स्थलवाचक शब्दांचा भरणा मोठा असतो व ते योग्यच आहे. कारण मूल ज्या जागेत वावरते, ती जागा हाच त्याचा पहिला पाठ होय.

तथापि या शब्दांच्या अध्यापनात एक उणीव राहून जाते. 'माझे गाव' या विषयावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहावयास सांगितली असता पुष्कळ मुले पाठ केलेला एकच मजकूर उतरवितात. गाव लहान व सुंदर आहे, गावाजवळून नदी वाहते, सभोवार हिरव्या टेकड्या आहेत, लोक सुखात राहतात, असा तो मजकूर असतो. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतो व त्यास गुणही मिळतात. परंतु माळरानावरील ज्या गावी नदी नाही, टेकडी नाही, आणि चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलानेही हीच पाच वाक्ये लिहिली, तर त्याने इंग्रजीत लिहिलेले पहिलेच वर्णन असत्य ठरते. असत्य लिहिण्याचा त्याचा हेतू नसतो. सत्य सांगण्यास लागणारे शब्द त्याच्यापाशी नसतात, इतकेच. हे शब्द त्यास देणे हे शिक्षकाचे काम होय. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील गावे व नगरे समोर ठेवून अशा शब्दांचा विचार पुढे केला आहे.

१. वस्तीचे प्रकार

वस्तीच्या आकारानुसार इंग्रजीत चार शब्द मुख्यतः योजले जातात. अगदी लहान वस्तीस हॅम्लेट, गावास व्हिलेज, मोठ्या बाजाराच्या गावास टाउन व महानगरास सिटी म्हणतात. व्हिलेज या शब्दाचा उच्चार करताना शेवटचा स्वर आखूड ठेवावा; तो 'व्हिलिज' असा ऐकू येतो. आपल्याकडील वाडी किंवा वस्ती हे हॅम्लेटचे उदाहरण होय. मुखेड, कंधार, किनवट या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांडा या शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द नाही. अशा वेळी 'अ बंजारा हॅम्लेट' असे म्हणावे, किंवा तांडा हा शब्द तसाच ठेवून पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगावा.

टाउन व सिटी यांतील भेद सर्व देशांत सारखा नाही. ब्रिटनमध्ये सिटी ही पदवी राजसत्तेकडून मिळते. लोकसंख्येवरून ती ठरत नाही. म्हणून वेल्समधील सेंट डेव्हिड्स हे दोन हजारांहूनही कमी वस्तीचे ठिकाण सिटी आहे, आणि लाखाहून अधिक वस्तीचे रेडिंग मात्र टाउनच राहिले आहे. भारतात जनगणनेच्या दृष्टीने एक लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीचे ठिकाण सिटी समजले जाते. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख, तर लातूरची पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणून ही दोन्ही ठिकाणे निःसंशय सिटी होत. देगलूर, औसा, निलंगा, धर्माबाद यांस टाउन म्हणणे उचित होय.

येथे कंट्री या शब्दाविषयी सावध करणे अवश्य आहे. मुलास या शब्दाचा 'देश' हा अर्थ माहीत असतो. 'द कंट्री' म्हणजे शहराबाहेरील ग्रामीण प्रदेश, हा दुसरा अर्थ त्यास स्वतंत्रपणे सांगावा लागतो. घोटाळा टाळावयाचा असल्यास आरंभी कंट्रीसाइड हाच शब्द शिकवावा. त्याचा अर्थ 'ग्रामीण परिसर' एवढाच होतो.

२. नगरातील स्थळे

नगरातील रस्त्यांसाठी मुले सरसकट रोड हा शब्द वापरतात. वस्तुतः एका गावाहून दुसऱ्या गावास नेणारा तो रोड, दुतर्फा घरे व दुकाने असलेला तो स्ट्रीट आणि अरुंद गल्ली ती लेन. नांदेडच्या इतवारा भागातील जुन्या गल्ल्या लेन या शब्दाचा अर्थ जितका चटकन पटवितात, तितका पुस्तकातील चित्र पटवीत नाही.

चौकासाठी स्क्वेअर हा शब्द आहे. पण त्याचा मूळ अर्थ चौरस असा होतो. लातूरची गंजगोलाई चौरस नाही. तेथे मध्यभागी गोलाकार वास्तू असून तिच्याभोवती बाजार आहे, आणि तेथून सोळा रस्ते निरनिराळ्या दिशांनी निघतात. येथे सर्कल हा शब्द योजावा. 'सिक्स्टीन रोड्स मीट ॲट गंजगोलाई' हे चौथीच्या मुलासही सहज समजणारे वाक्य आहे, आणि त्यात संख्या, स्थळ व क्रियापद या तिन्ही गोष्टी येतात. गंज म्हणजे धान्याची बाजारपेठ. नांदेडकडे तिलाच मोंढा म्हणतात. इंग्रजीत 'ग्रेन मार्केट' असे म्हटले की अर्थ पूर्ण होतो.

नांदेडच्या वर्णनात प्रथम गोदावरी येते. 'नांदेड इज ऑन द बँक ऑफ द गोदावरी' हे वाक्य ऐकून पुष्कळ मुलांच्या डोळ्यांपुढे पैसे ठेवण्याची बँक उभी राहते. नदीच्या काठासही हाच शब्द आहे, हे घाटाच्या चित्राच्या साहाय्याने एकदा दाखविले म्हणजे ते कायमचे ध्यानात राहते. गुरु गोविंदसिंग यांचे देहावसान इ. स. १७०८ मध्ये नांदेड येथे झाले. त्यांच्या स्मृतीचे हुजूर साहिब हे स्थान शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. अशा स्थानास इंग्रजीत श्राइन म्हणतात. परंतु गुरुद्वारा हा शब्दही इंग्रजीत रूढ असल्याने त्याचे भाषांतर करण्याची आवश्यकता नाही.

किल्ल्यास फोर्ट हा शब्द मुले लवकर शिकतात. त्यातही भेद सांगता येतो. माहूरचा किल्ला डोंगरावर आहे, म्हणून तो हिल फोर्ट; उदगीर, औसा व कंधार येथील किल्ले भुईकोट आहेत, म्हणून ते 'फोर्ट्स ऑन द प्लेन'. कंधारच्या किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे. खंदकाला इंग्रजीत मोट म्हणतात. विहिरीवरची मोट आजोबांकडून ऐकलेल्या मुलांस या सारखेपणाचे हसू येते, आणि हसलेला शब्द सहसा विसरला जात नाही.

३. ग्रामीण परिसर

ग्रामीण शब्दांच्या बाबतीत पुस्तक व परिसर यांतील अंतर अधिक वाढते. इंग्रजी पुस्तकांतील गावात कॉटेज व मेडो असतात. कॉटेज म्हणजे बहुधा उतरत्या छपराचे टुमदार घर, आणि मेडो म्हणजे ओलसर हवेतील गवताळ कुरण. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे. त्याच्या भिंती दगडमातीच्या व जाड, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे सपाट धाबे. त्यास कॉटेज म्हणणे बरोबर नाही. 'अ हाउस विथ थिक स्टोन वॉल्स अँड अ फ्लॅट मड रूफ' असे साध्या शब्दांत सांगावे. एकच भारदस्त शब्द चुकीचा वापरण्यापेक्षा चार साधे शब्द अचूक वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

फील्ड व फार्म या दोहोंचाही अर्थ मराठीत शेत असाच सांगितला जातो. फील्ड म्हणजे बांधाने वेगळा झालेला शेताचा एक तुकडा. फार्म म्हणजे विहीर, गोठा, झाडे यांसह सर्व शेती. नांदेडकडे शेतातील गुरांच्या व अवजारांच्या जागेस आखाडा म्हणतात. या आखाड्याचा कुस्तीशी संबंध नाही, हे परगावाहून आलेल्या शिक्षकानेही जाणून घ्यावे. त्यास 'कॅटल शेड ऑन द फार्म' असे म्हणता येईल. शेतात जाणारी पांदण ती कार्ट ट्रॅक, गायरान ते ग्रेझिंग लँड, गावाची वेस ती व्हिलेज गेट. वड-पिंपळाभोवतीचा पार हा 'अ स्टोन प्लॅटफॉर्म अराउंड द ट्री' असा सांगावा. पिकांची नावेही स्थलवर्णनाचाच भाग आहेत. अर्धापूरच्या मुलास बनाना, लातूरच्या मुलास सोयाबीन, ज्वारीच्या शिवारातील मुलास सॉर्घम हे शब्द आले पाहिजेत. एका पिकाचे नाव सांगितले की 'ग्रीन फील्ड्स' या मोघम शब्दांना अर्थ प्राप्त होतो.

जमिनीच्या स्वरूपासाठी हिल, प्लेन, प्लॅटो व व्हॅली हे चार शब्द पुरेत. लातूरचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर आहे. त्यास प्लॅटो म्हणावे. गोदाकाठचा सखल काळ्या मातीचा प्रदेश तो प्लेन. किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे. तेथील मुलांस फॉरेस्ट व टीक हे शब्द आधी द्यावेत, सिटीचे शब्द मागाहून दिले तरी चालतील.

४. पाण्याची स्थाने

या दोन्ही जिल्ह्यांत पाण्याचे वर्णन विशेष काळजीने शिकविले पाहिजे. रिव्हर म्हणजे नदी, स्ट्रीम म्हणजे ओढा, पाँड म्हणजे डबके किंवा लहान तळे, लेक म्हणजे मोठे सरोवर, डॅम म्हणजे धरण, कॅनॉल म्हणजे कालवा, वॉटरफॉल म्हणजे धबधबा. बांधून केलेल्या तलावास भारतातील इंग्रजीत टँक म्हणण्याचा जुना प्रघात आहे. मुलास मात्र टँक म्हणजे गच्चीवरची टाकी किंवा रणगाडा एवढेच ठाऊक असते. कंधारचा जगत्तुंग सागर किंवा गावचा पाझर तलाव दाखवून हा तिसरा अर्थ सांगावा. विहिरीला वेल व पायऱ्यांच्या बारवेला स्टेपवेल म्हणतात. पैनगंगेवरील सहस्रकुंड हा वॉटरफॉल, नांदेडजवळील विष्णुपुरी हा डॅम, अशी जवळची उदाहरणे घेतल्यास नायगाराचे चित्र आणण्याची गरज उरत नाही.

नदी 'फ्लोज', म्हणजे वाहते, हे क्रियापद मुलास पाठ असते. परंतु येथील पुष्कळ ओढे व लहान नद्या उन्हाळ्यात आटतात. 'द स्ट्रीम फ्लोज इन द रेनी सीझन अँड ड्राइज अप इन समर' असे पूर्ण वाक्य शिकविले, तरच वर्णन खरे होते. ड्राउट म्हणजे अवर्षण हा शब्द कठीण म्हणून टाळण्यात येतो. पण लातूरच्या मुलास तो टाळून चालणार नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून रेल्वेने लातूरास पाणी आणावे लागले. त्या वर्षीच्या १२ एप्रिल रोजी पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. तिला जलदूत असे नाव मिळाले. 'अ ट्रेन ब्रॉट वॉटर टु द सिटी' हे सात शब्दांचे वाक्य आहे. ज्या घरातील माणसांनी घागरी घेऊन रांगा लावल्या, त्या घरातील मुलास या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

५. विशेषणांची योजना

वर्णनाचा प्राण विशेषणात असतो. परंतु ब्यूटिफुल या एकाच विशेषणावर सारे वर्णन उभे केले जाते. त्याऐवजी विरोधी जोड्या शिकवाव्यात : वाइड व नॅरो, रुंद व अरुंद, क्राउडेड व एम्प्टी, गजबजलेले व रिकामे, नॉइझी व क्वायट, गोंगाटाचे व शांत, एन्शंट व मॉडर्न, प्राचीन व आधुनिक, डस्टी व क्लीन, धुळीचे व स्वच्छ. क्वायट व क्वाइट यांच्या उच्चारातील भेद फळ्यावर लिहून दाखवावा. पहिल्याचा अर्थ शांत, दुसऱ्याचा अर्थ बरेच किंवा पुरते.

नॅरो हा शब्द शिकविताना लातूरच्या जुन्या रेल्वेची आठवण उपयोगी पडेल. बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी केवळ अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावत असे. तिला नॅरो गेज म्हणत. इ. स. २००८ च्या सुमारास तो मार्ग रुंद करण्यात आला. त्या गाडीतून प्रवास केलेले आजी-आजोबा अद्याप अनेक घरांत आहेत. त्यांस विचारून येण्यास मुलांना सांगावे.

आणखी एका सवयीकडे लक्ष वेधणे इष्ट होय. गाव म्हटले की पीसफुल आणि शहर म्हटले की डर्टी, अशी ठरीव विशेषणे निबंधांतून येतात. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा ते गाव क्वायट नसते. तेथे घोडे, उंट, गाढवे व माणसे यांची दाटी होते. उलट, पहाटेची गोलाई क्राउडेड नसते. स्थळ एकच असले तरी वेळ बदलली की विशेषण बदलते. 'इन द मॉर्निंग' व 'ऑन द मार्केट डे' ही दोन पदे जोडावयास शिकविली म्हणजे मूल डोळे उघडून पाहू लागते.

६. वाक्याची घडण

शब्द आले तरी वाक्य अडते, ते दोन कारणांनी. पहिले कारण 'देअर इज' व 'देअर आर' ही रचना होय. मराठीत 'विहिरीजवळ वडाचे झाड आहे' असे आपण म्हणतो. स्थळ आधी येते व क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'देअर इज अ बॅन्यन ट्री निअर द वेल' असा क्रम लागतो. येथील देअरचा अर्थ 'तेथे' असा नाही. एखादी वस्तू आहे, एवढेच तो सुचवितो. हे स्पष्ट न केल्यास मूल प्रत्येक वाक्याचे भाषांतर 'तेथे' या शब्दाने करू लागते. एक वस्तू असल्यास इज, अनेक असल्यास आर, हा नियम वर्गातील बाके व खिडक्या मोजून पक्का करावा.

दुसरे कारण स्थानदर्शक अव्यये. निअर म्हणजे जवळ, बिहाइंड म्हणजे मागे, अपोझिट म्हणजे समोरासमोर, बिट्वीन म्हणजे दोहोंच्या मध्ये, अराउंड म्हणजे सभोवती. शाळेच्या पटांगणात उभे राहून 'द टेंपल इज बिहाइंड द स्कूल' असे हात दाखवून म्हणवून घ्यावे. नगराच्या आत असल्यास इन, ठरावीक ठिकाणी असल्यास ॲट व नदीच्या काठी असल्यास ऑन, एवढा भेद प्राथमिक शाळेस पुरेसा आहे.

काळाचा विचारही येथेच करावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व आसपासच्या भागात भूकंप झाला व हजारो माणसे मृत्यू पावली. दगडमातीच्या जाड भिंती व वरचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे पन्नास गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील मुलाचे गाव दोन आहेत. एक आजीच्या बोलण्यातले, दुसरे डोळ्यांसमोरचे. 'द लेन्स वेअर नॅरो' आणि 'द रोड्स आर वाइड', या दोन वाक्यांतील वेअर व आर यांचा भेद व्याकरणाच्या कोष्टकातून जितका कळणार नाही, तितका त्या मुलास आपल्या घरातून कळतो. मात्र असे लेखन मुलावर लादू नये. ज्यास सांगावेसे वाटेल त्यानेच सांगावे, व शिक्षकाने ते शांतपणे ऐकावे.

७. आपलेच शब्द

इंग्रजी शब्द परके आहेत, ही भीती घालविण्यास एक सोपा उपाय आहे. इंग्रजीने भारतातून अनेक स्थलवाचक शब्द उचलले आहेत. जंगल व बंगला हे शब्द भारतीय भाषांतून, बाजार व मैदान हे फारसी-अरबी वळणाने, आणि घाट व नाला हे येथील व्यवहारातून इंग्रजी कोशांत जाऊन बसले. निजामी राजवटीत मराठवाड्याचा कारभार व वरचे शिक्षण उर्दूत चालत असे. १९४८ साली ती राजवट संपली. तहसील, मोहल्ला, गंज असे शब्द येथील लोकांच्या तोंडी अजूनही आहेत. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू व उदगीर-निलंग्याकडे कानडी घराघरांत ऐकू येते. ज्या मुलाच्या कानी तीन-चार भाषा सहज पडतात, त्यास आणखी एक भाषा जड वाटण्याचे कारण नाही. म्हणून पार, बारव, तांडा, माळवद असे शब्द इंग्रजी वाक्यात आले, तर ती चूक समजून लाल शाईने खोडू नये. त्यांचा अर्थ एका वाक्यात सांगावयास लावावे.

८. वर्गातील उपक्रम

पहिल्या आठवड्यात मुलांनी शाळेभोवतीच्या दहा वस्तूंची मराठी नावे लिहून आणावीत. दुसऱ्या आठवड्यात शिक्षकाने त्यांपुढे इंग्रजी शब्द द्यावेत. जेथे शब्द नसेल तेथे अर्थ सांगणारे पद द्यावे. तिसऱ्या आठवड्यात गावाचा साधा नकाशा काढून त्यावर ते शब्द लिहावेत. चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने पाच वाक्ये लिहावीत. त्यासाठी एकच अट असावी : प्रत्येक वाक्य गावात जाऊन पडताळून पाहता आले पाहिजे. शक्य असल्यास नगरातील व खेड्यातील दोन शाळांनी आपापली वर्णने एकमेकींस पाठवावीत. वाचणारा खराखुरा असला की लिहिणाराही मनापासून लिहितो.

नमुन्यादाखल माळरानावरील एका गावाचे वर्णन पुढीलप्रमाणे होईल :

'माय व्हिलेज इज ऑन अ प्लॅटो. देअर इज नो रिव्हर निअर माय व्हिलेज. देअर इज अ नीम ट्री बिहाइंड द स्कूल, अँड ओल्ड मेन सिट अंडर इट. द फील्ड्स आर ग्रीन इन ऑगस्ट अँड ब्राउन इन एप्रिल. इन समर अ टँकर कम्स टु द व्हिलेज गेट.'

या पाच वाक्यांत अवघड शब्द एकही नाही. ब्यूटिफुल हा शब्दही नाही. परंतु हे वाचणाऱ्यास गाव दिसते. परीक्षकांनी अशा उत्तरास पाठ केलेल्या मजकुराहून अधिक गुण द्यावेत. त्यात एखादे उपपद चुकले असेल, तरीही द्यावेत. उपपद पुढच्या वर्षी सुधारते. आपल्या गावाविषयी खरे लिहिण्यासारखे काही नाही, ही समजूत मात्र एकदा मनात बसली की ती दूर करण्यास पुष्कळ वर्षे लागतात.